पेशंटकडून कोण बोलणार?

१

नागपूरच्या जरीपटक्यातल्या त्या घरात, दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात, एक सन्मानचिन्ह होतं. सागवानी फळी, तिच्यावर पितळेची किडनी आणि खाली अक्षरं : 'पत्नीस जीवदान देणारा वीर – वैभव'. कारागिराने किडनी कधी पाहिली नसावी, त्यामुळे पाहुणे हमखास विचारायचे, "काजूचा धंदा केव्हा सुरू केला?"

समाजाच्या सभागृहात सत्कार झाला तेव्हा शाल, श्रीफळ आणि कोणालाच आवरता न आलेली भाषणं झाली. जिला किडनी बसवली ती कामिनी तोंडाला मास्क लावून तिसऱ्या रांगेत बसली होती. बायका नवऱ्यांना किडनी देतात तेव्हा कोणी सन्मानचिन्ह करत नाही. ते घरकामातच धरतात.

गुरुवारी सकाळी वैभवच्या आईने, रुखमाबाईंनी, ते सन्मानचिन्ह पुसायला उचललं. कपाटाची किल्ली एरवी वैभवच्या खिशात असायची. त्या दिवशी ती कपाटालाच राहिली होती. फळीच्या मागून गोळ्यांच्या पट्ट्या खाली पडल्या. एक, मग दोन, मग ओंजळभर. एकही फोडलेली नव्हती.

शरीराने परकी किडनी फेकून देऊ नये म्हणून कामिनीने रोज दोन वेळा घ्यायच्या त्या गोळ्या.

आणि आदल्याच संध्याकाळी रिपोर्ट आला होता.

पूर्वी बसवलेली किडनी बिघडते आहे का हे पाहायला तिच्यात जाड सुई खुपसून तुकडा काढावा लागे. आता नुसतं रक्त पुरतं. बसवलेली किडनी आपल्या डीएनएचे बारीक कण रक्तात सोडत असते. थोडे असले तर ती सुखात आहे. शरीर तिच्यावर चालून गेलं की पेशी फुटतात आणि कण वाढतात. एक टक्क्याच्या आत म्हणजे ठीक. कामिनीचा आकडा अडीचच्या घरात होता. तिचे सध्याचे डॉक्टर गहुकर या तपासणीवर परिषदांमध्ये भाषणं देत असत, त्यामुळे त्यांना शंका नव्हती. शरीर किडनी नाकारतंय. शुक्रवारी सकाळी भरती व्हा, जबर इंजेक्शनं सुरू करू. इंजेक्शनाने शरीराची सगळी लढायची ताकदच झोपते. त्यात माणूस साध्या सर्दीनेही जाऊ शकतो, हेही त्यांनी सांगितलं. अर्थात रुखमाबाईंना.

"गोळ्या फेकून राहिली ही!" रुखमाबाई दिवाणखान्यात उभ्या राहून ओरडल्या. "माझ्या पोराची किडनी सडवून राहिली!"

कामिनी स्वयंपाकघराच्या दारात आली. कन्हानच्या शाळेत ती गणित शिकवते. साठ पोरं तिच्या एका नजरेने गप्प होतात. घरी ती स्वतः गप्प असते. त्या दिवशी मात्र बोलली.

"मी एकही गोळी चुकवली नाही. आणि ते इंजेक्शन मी घेणार नाही."

"मंग ह्या पट्ट्या काय उंदरानं ठेवल्या?"

कामिनीने पट्ट्यांकडे पाहिलं, मग दाराआड उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि मावशीला फोन लावला.

२

प्रेमिलामावशी उमरेडहून स्कूटरवर आली. कोष्ट्याचं घर. एकेकाळी घरात चार माग होते, आता उरलेल्या एकावर टीव्ही ठेवलेला आहे. ती स्वतः विम्याच्या दाव्यांची चौकशी करून निवृत्त झाली. जन्मभर तिने मेलेली माणसं खरोखर मेली आहेत का, हे तपासलं. दोन जण जिवंत सापडले, तेव्हापासून तिचा रडणाऱ्यांवर विश्वास बसत नाही.

"विहीणबाई, चहा नंतर," ती म्हणाली. "आधी मले कामिनीशी बोलू द्या."

"बोला ना, आपलंच घर हाय," असं म्हणत रुखमाबाई दोघींच्या मधे बसल्या.

"कामिनी, जेवण जातं का वं?"

"काही जात नाही," रुखमाबाई म्हणाल्या. "भाजीले फोडणी दिली का पळते. परवा सावजीचा रस्सा केला होता, जिवापाड आवडे तिले. वासानंच ओकली."

"पायावर सूज?"

"सूज नाही," रुखमाबाई म्हणाल्या.

"झोप?"

"दिवसाही पेंगते. शाळेतून आली का आडवी."

प्रेमिलाने चष्मा काढला. "विहीणबाई, मेलेल्या माणसाच्या वतीनं बोलणारे मी लई पाहिले. त्यातच माझी सारी नोकरी सरली. जित्या माणसाच्या वतीनं बोलणारं पहिल्यांदाच पाहून राहिली."

रुखमाबाईंना टोमणा कळला, पण त्यांनी तो पदराने पुसल्यासारखा बाजूला सारला. "बोलावंच लागते, बाई! ही कुठं तोंड उघडते? दवाखान्यात रक्त घ्याले गेलो. तिथला पोरगा इचारते, पेशंटकडून कोण बोलणार? म्या म्हनलं, मी. त्याच्या साऱ्या प्रश्नाची उत्तरं म्या देल्ली. शुगर हाय का, ताप होता का, कोणाचं रक्त चढवलं का, अन् काय काय. डॉक्टर म्हने सुई घालून तुकडा काढतो, खात्री करतो. म्या म्हनलं, नाही. वैभवच्या किडनीले सुई लागू देणार नाही मी."

"ती किडनी कामिनीच्या पोटात आहे."

"पण आहे कोणाची?"

प्रेमिलाने चष्मा पुन्हा लावला. तिला या घरात दर वेळी एक गोष्ट खटकायची. येणारा जाणारा 'वैभवची कशी आहे?' विचारायचा आणि रुखमाबाई 'बरी आहे' म्हणायच्या. कामिनी कशी आहे हे त्या दिवसापर्यंत कोणी विचारलेलं तिने ऐकलं नव्हतं.

"एक सांगा. तुम्ही तिला दुसरं काही दिलं का? काढा, भुकटी, अंगारा?"

रुखमाबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला. "कन्हानच्या वैद्याचा काढा देल्ला होता. मागच्या वर्षी. तिनं मोरीत ओतला. म्या पाहिलं, पण बोलली नाही." त्यांनी डोळे टिपले. "मी काय दुश्मन हाय तिची? माझं पोर एका किडनीवर जगून राहिलं, बाई. दुसरी वाया गेली तं त्यानं पोट कशापायी फाडून घेतलं?"

हे रडणं प्रेमिलाला खरं वाटलं. तिला त्याचंच वाईट वाटलं. खऱ्या रडण्याची चौकशी करता येत नाही.

काढा मोरीत गेला होता. म्हणजे संशयित नंबर एक सुटला. ती उठली तेव्हा कामिनी हळूच म्हणाली, "मावशी, औषधं भाऊजी आणतात."

३

सुशील, वैभवचा धाकटा भाऊ, कळमन्याच्या बाजारात मिरचीची अडत चालवतो. प्रेमिला त्याच्या गाळ्यावर पोचली तेव्हा मिरचीच्या ढिगांमुळे हवाच लाल झाली होती. ती दोनदा शिंकली. सुशीलला सवय होती.

"सुशील, गोळ्या कुठून घेतोस गा? स्वस्तातल्या?"

"मावशी, चौकशी करून राहिल्या का माझी?" त्याने हातातली मिरची ढिगावर फेकली. "वहिनीले नकली गोळ्या चारीन मी? भावाची किडनी हाय ती!"

"म्हणून तर विचारते. वहिनीची असती तर?"

त्याने गल्ल्याचा खण ओढला. मग पावत्यांचा गठ्ठा काढून तिच्यासमोर आपटला. सगळ्या एकाच मोठ्या दुकानाच्या, सगळ्या पक्क्या. सत्कारापासून आजतागायत डॉक्टरांचा तोच जुना कागद दाखवून त्याने तीच औषधं आणली होती. एक दिवस उशीर नाही. दवाखान्यात रुखमाबाईंनी डॉक्टरांना औषधं सांगितली तीही याच पावत्या वाचून.

प्रेमिलाने पिशवीतून कपाटात सापडलेली पट्टी काढली. क्रमांक जुळले. गोळ्या अस्सल होत्या.

"मग ती खात नाही तर लपवते काहून?" सुशील म्हणाला. त्याच्या आवाजातली तडफ उतरली होती. "मी ऊन नाही पाहिलं, पाणी नाही पाहिलं, गोळ्या आणून राहिलो. आणि ती काजूच्या मागं टाकून राहिली."

"ती?"

"अजून कोण?"

"कपाटाची किल्ली कोणाजवळ असते?"

सुशीलने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कळमन्यात असं तोंड उघडं ठेवणं धोक्याचं असतं. तो जोरात खोकू लागला. खोकला थांबल्यावर एवढंच म्हणाला, "मावशी, दादाले धंतोलीच्या एका दुकानात दोनदा पाहिलं मी. औषधाच्या. मी म्हणलं, काय घेऊन राहिला? तं म्हणे, डोकं दुखते."

"दोनदा डोकं दुखलं?"

"त्याचं डोकं कधीच दुखत नाही. तो विचारच करत नाही."

४

वैभव गच्चीवर कूलरच्या टाकीत पाइप धरून उभा होता. टाकी केव्हाच भरून पाणी त्याच्या चपलांवरून वाहत होतं.

"नळ बंद कर," प्रेमिला म्हणाली, "आणि सांग. तू लपवल्या ना?"

ज्याच्या नावाने पितळेची किडनी घडली होती, तो वीर टाकीच्या कडेला बसला आणि रडू लागला.

तेवढ्यात कामिनी वर आली. "रडू नको," ती नवऱ्याला म्हणाली. "मी सांगते."

तिने सरळ सांगितलं. ऑपरेशन झालं, किडनी छान चालू लागली. दोघांना मूल हवं होतं. ज्यांनी ऑपरेशन केलं ते जुने डॉक्टर म्हणाले, होऊ शकतं, पण ही एक गोळी गर्भाला घातक आहे. ती बंद करून दुसरी घ्यावी लागेल आणि आधी काही महिने थांबावं लागेल. त्यांनी गोळी बदलून दिली, थांबायला सांगितलं आणि स्वतः पुण्याला बदलून गेले. दोघं सांगितलं तेवढे थांबले. नवी गोळी ती आजतागायत घेत होती, वेळच्या वेळी. ती वैभव धंतोलीहून आणायचा. जुनी गोळी बाकीच्या औषधांबरोबर सुशील आणायचा, तिला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून वैभव तेवढी कपाटात लपवायचा.

"काहून येत नव्हतं?"

"सत्काराच्या दिवशी आई माइकवर काय बोलल्या, आठवतं का मावशी?"

प्रेमिलाला आठवलं. नागपुरात ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांना आठवत होतं. 'माझ्या पोरानं सून वाचवली, मी भरून पावली. आता लेकराबिकराचं नाव नको. माझ्या पोराच्या किडनीवर ओझं नको.' टाळ्या पडल्या होत्या. कामिनीनेही वाजवल्या होत्या.

"मग तू काय म्हणालास गा?" तिने वैभवला विचारलं.

"मी काय म्हणणार? माइक आईजवळ होता."

प्रेमिलाने मनात हिशेब केला. आता प्रकरण आधीपेक्षा वाईट झालं होतं. नवी गोळी सौम्य असते. गहुकरांना ही बदललेली गोळी माहीतच नव्हती. कळलं की ते म्हणतील, तीच भोवली, मुलाच्या हट्टापायी किडनी घालवली. आणि रुखमाबाई हे वाक्य मरेपर्यंत जपून ठेवतील.

"तुला काय वाटतं वं?" तिने भाचीला विचारलं. "किडनी जाऊन राहिली?"

कामिनीने ओटीपोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवला, जिथे किडनी बसवली होती. "डायलिसिसवर होती तेव्हा शरीर मरताना कसं वाटते, मी पाहिलं आहे मावशी. पाण्याचा घोट जड होतो. तोंडात लोखंड येते. आता तसं काही नाही. लघवी बरोबर, वजन बरोबर, प्रेशर बरोबर. काही तरी वेगळं आहे. पण बिघडलेलं नाही. ते इंजेक्शन मी घेणार नाही, दहा डॉक्टर आले तरी."

"उलट्या?"

"फोडणीच्या वासाच्या. दिवसाच्या बाकी वेळी काही नाही."

प्रेमिला तिच्याजवळ सरकली आणि तिच्या कानात एक प्रश्न विचारला. बाजूला बसलेल्या वैभवलाही तो ऐकू गेला नाही.

साठ पोरांना गणित शिकवणारी कामिनी एका हाताच्या बोटांवर आठवडे मोजू लागली आणि मधेच थांबली. आणि तिचा दुसरा हात, आत्तापर्यंत किडनीवर होता तो, हळूहळू पोटाच्या मधोमध सरकला.

५

शुक्रवारी सकाळी डॉ. गहुकरांच्या खोलीत सगळे होते. रुखमाबाई पुढच्या खुर्चीवर, सुशील आणि वैभव भिंतीला टेकून, कामिनी दारापाशी. प्रेमिला उभी होती. चौकशीत ती कधी बसत नाही.

गहुकरांनी रुखमाबाईंकडे पाहून सुरुवात केली. "तर आपण आज इंजेक्शन..."

"डॉक्टर, मी अडाणी बाई," प्रेमिला म्हणाली. ती एम. कॉम. होती. "तेवढं समजावून द्या. रक्तातला क्रिएटिनिन किती आहे?"

"ठीक आहे."

"लघवीतून प्रथिनं?"

"नाहीत."

"औषधाची रक्तातली पातळी?"

"तीही बरोबर आहे. पण बाई, हीच तर या तपासणीची गंमत! बाकी सगळं मागून बिघडतं. यंत्राला आधी कळतं."

"यंत्राला नेमकं काय कळतं?"

गहुकर खुलले. हे भाषण त्यांना पाठ होतं. "यंत्र रक्तातले डीएनएचे कण मोजतं. त्यात पेशंटचे स्वतःचे किती आणि पेशंटचे नसलेले किती, हे वेगळं करतं. नसलेले वाढले की बसवलेली किडनी फुटतेय."

"म्हणजे यंत्र म्हणतं, हिच्या रक्तात परकं माणूस आहे."

"हो. वैभवचं."

"ते वैभवचं आहे हे यंत्र म्हणतं, की तुम्ही?"

"दुसरं कोणाचं असणार? रक्त चढवलेलं नाही. शरीरात दोनच माणसं आहेत. कामिनी आणि वैभवची किडनी."

"आणि तिसरं असलं तर?" प्रेमिला म्हणाली. "ज्याचं अर्धं कामिनीचं आणि अर्धं वैभवचं आहे? तुमचं यंत्र ते कोणत्या रकान्यात टाकेल?"

गहुकरांचा चेहरा भाषणाच्या मधे वीज गेल्यासारखा झाला.

"पण रक्त घेताना हे विचारतात," ते सावकाश म्हणाले. "दिवस गेले असतील तर ही तपासणी करतच नाहीत. गर्भाचे कण आईच्या रक्तात येतात, आकडा निरर्थक होतो. पोरगा विचारतोच. त्याला सांगितलं असणार की नाही म्हणून."

"सांगितलं," प्रेमिला म्हणाली. "कोणी सांगितलं, तेवढं विचारा."

कोणी विचारलं नाही. रुखमाबाई आपणच बोलल्या. आवाज एवढासा झाला होता. "त्यानं इचारलं, पोटुशी हाय का? म्या म्हनलं, नाही. आमच्याकडे तसलं काही नाही. म्या तर... म्या तर माइकवर सांगितलं होतं ना."

सुशीलने मान खाली घातली. वैभव भिंतीपासून सुटा झाला.

"तुम्ही गोळ्या कोणत्या विचारल्या?" प्रेमिला डॉक्टरांना म्हणाली. "विहीणबाईंना. सुई टोचू का विचारलं? विहीणबाईंना. पोटुशी आहे का विचारलं? विहीणबाईंना. गुन्हेगार शोधायला मी मिरच्यांत शिंकून आली. कोणी विष घातलं नाही, कोणी गोळी चोरली नाही. या पोरीशी बोलायचं, एवढंच काम सगळ्यांनी टाळलं. अख्ख्या प्रकरणात तिला स्वतःला एकानंच विचारलं, तुझ्यात कोण आहे म्हणून. त्या यंत्रानं. त्याला खरं उत्तर मिळालं. ते तुम्हाला वाचता आलं नाही."

गहुकरांनी घंटी वाजवून नर्सला बोलावलं. कामिनी तिच्याबरोबर गेली. परत आली तेव्हा नर्सच्या हातात लघवीच्या तपासणीची पट्टी होती आणि नर्सच्या तोंडावर ते हसू होतं जे दवाखान्यात एकाच बातमीसाठी राखून ठेवलेलं असतं.

सुशील म्हणाला, "बाप्पा!" आणि मग भावाच्या पाठीत एवढ्या जोराने थाप मारली की एका किडनीचा माणूस पुढच्या खुर्चीपर्यंत गेला.

गहुकरांनी भरतीचा कागद बाजूला ठेवला. त्यांना श्रेय द्यायला हवं, त्यांनी घसा साफ केला आणि सरळ सांगितलं. "इंजेक्शन रद्द. दिलं असतं तर... असो. पण हेही ऐका. आता ही तपासणी बाळंतपणापर्यंत आंधळी आहे. किडनी खरंच ठीक आहे की नाही, जुन्याच पद्धतीने पाहावं लागेल, वारंवार. धोका आहे. किडनीवर ओझं येतं. गरज पडली तर सुईही घालावी लागेल." आणि मग, सवयीने, त्यांची मान रुखमाबाईंकडे वळली. "तर आता काय करायचं?"

"मले विचारा," कामिनी म्हणाली.

ती दारापासून पुढे आली. वर्गात येते तशी.

"माझ्या पोराची किडनी..." रुखमाबाई पुटपुटल्या. "ती एवढं झेलन का वं?"

"आई, वैभवची एक किडनी त्याच्यापाशी आहे. तिची काळजी तुम्ही करा, तो उन्हात फिरते, पाणी पीत नाही. ही माझी आहे. माझं रक्त गाळून राहिली. तिनं काय झेलायचं ते मी ठरवीन. तिच्यावर सुई चालवायची का, तेही मी ठरवीन. आणि डॉक्टर, हे लेकरू मी ठेवून राहिली. धोका ऐकला. पुन्हा सांगायचा असला तर मला सांगा."

"आई, तिले बोलू दे," वैभव म्हणाला. त्याला कोणी अडवलं नव्हतं आणि ती बोलून झाली होती, तरी त्याने म्हटलं. त्याच्या आयुष्यातलं हे पहिलंच असं वाक्य होतं, वेळेकडे पाहण्यात अर्थ नव्हता.

रुखमाबाई उठल्या, पिशवीतून पाण्याची बाटली काढली, वैभवकडे जाता जाता थांबल्या आणि कामिनीच्या हातात दिली.

बाहेर खिडकीवर नव्या तपासण्यांसाठी नाव नोंदवायचं होतं. रक्त घेताना प्रश्न विचारणारा तोच पोरगा बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "पेशंटकडून कोण बोलणार?"

रुखमाबाईंचं तोंड जुन्या सवयीने उघडलं. त्यांनी ते हाताने झाकलं.

"पेशंट," कामिनी म्हणाली.